एका गोचिडीपायी

एका गोचिडीपायी मी सव्वातीन किलोच्या कुत्र्याला चारशे किलोच्या गाईचं औषध टोचलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान त्याच्या डोक्यावर खापर फोडता आलं असतं.

कुत्रं माझं नव्हतं, आत्याचं होतं. आत्या दौंडला रेल्वे लायनीच्या पलीकडं राहायची. तिचे मालक गार्ड होते. त्यांच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा साहेबानं फर्निचर विकलं, कुंड्या वाटल्या आणि शेवटी उरलेलं एक पांढरं पामेरियन पिल्लू गार्डसाहेबांच्या हातात ठेवलं. पुढं गार्डसाहेब वारले, पोरगी लग्न होऊन भुसावळला गेली, आणि घरात आत्या आणि ते कुत्रं एवढीच दोन तोंडं राहिली. ती त्याला 'बाळ' म्हणायची. तिच्या ताटाशेजारी त्याची वाटी असायची. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय ते वाटीला तोंड लावत नसे. "ह्याच्यापायी मी येळंवर जेवते," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि ते खरं होतं. मालक गेल्यावर पहिले काही महिने ती नुसत्या चहावर होती.

हायस्कुलाची तीन वर्षं मी त्याच घरात तिच्या हातचं खाऊन काढलेली. त्यामुळं पोरीच्या बाळंतपणाला भुसावळला जायची वेळ आली तेव्हा तिनं विश्वासाचा माणूस म्हणून बाळ माझ्या हवाली केलं. पंधरा दिवसांसाठी. देताना एवढंच म्हणाली, "ह्याला कायबी करू नको. भात घाल आन् गुमान बसू दे."

काहीही न करणं ही आमच्याकडं फार अवघड कला समजली जाते.

मी त्या काळात, म्हणजे दोन हजार सालच्या आगंमागं, वरवंडजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्रावर फॅट काढायचो. रोज दोन वेळा पिपेटनं मोजून दहा पॉइंट पंच्याहत्तर मिली दूध घ्यायचं, थेंब इकडं नाही की तिकडं नाही. ह्या हातसफाईमुळं लोक मला चेष्टेनं डॉक्टर म्हणायचे. मी ती चेष्टा मनावर घेतली. हळूहळू गावातल्या जर्सी गाईंना कॅल्शियम लाव, जंताचं औषध पाज, गोचिडीची सुई टोच, असली कामं मी करू लागलो. गाय बरी झाली की माझ्यामुळं, मेली की तिच्या नशिबानं. ह्या हिशेबात माझ्या हातून एकही जनावर दगावलं नाही.

आमच्याकडं औषधाचं माप गाय हे. बाटलीवर काय लिहिलंय ते कोण वाचतो? कालवड म्हणजे अर्धी गाय, शेळी म्हणजे पाव गाय. एवढ्यात सगळा व्यवहार भागायचा. कुत्र्याचं माप कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण आमच्या गावात कुत्र्याला औषध देतात हेच कुणाला माहीत नव्हतं. कुत्रं आजारी पडलं की शेताच्या बांधाला जाऊन गवत खायचं आणि चार दिवसांनी परत यायचं. कुत्र्यांच्या बाबतीत आमचं गाव फार पुढारलेलं होतं हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या कानामागं मला गोचीड दिसली. एकच. रक्त पिऊन टरारलेली, एरंडाच्या बीएवढी.

बायको म्हणाली, "चिमट्यानं काढा आन् टाका रॉकेलात."

"एक दिसली म्हंजी अंगात शंभर असत्यात," मी म्हणालो.

"शंभर असत्या तर कुत्र्यापरीस गोचिडीच जास्त दिसल्या असत्या. केवढुसं त्ये."

पण चिमट्यानं गोचीड काढायला डॉक्टर कशाला लागतो? मी फडताळातली बाटली काढली, सिरिंज उकळून घेतली. इतकी स्वच्छता मी स्वतःच्या बाबतीतही पाळत नाही. मग हिशेब केला. गाईला आठ मिली. शेळी पाव गाय, म्हणजे दोन. कुत्रं शेळीच्या निम्मं, म्हणजे एक. दुधाच्या फॅटमध्ये पॉइंटचा फरक पडला तर गवळ्याशी हुज्जत घालणारा मी, इथं नुसत्या नजरेनं मोकळा झालो. उलट एकच मिली देतोय म्हणून आपण फार जपून वागतोय असं वाटलं. सुई टोचली तेव्हा बाळ ओरडलंसुद्धा नाही. विश्वासानं माझ्याकडं बघत होतं. आत्यानं लावलेली सवय.

दुसऱ्या दिवशी ते झोकांड्या खाऊ लागलं. दारातून बाहेर निघालं आणि चौकटीवर आपटलं. पुन्हा मागं सरलं, पुन्हा निघालं, पुन्हा तिथंच आपटलं. डोळ्यांची बुबुळं काळीभोर आणि मोठी झालेली. समोर बोट नाचवलं तरी पापणी हलेना.

त्या क्षणी शहाण्या माणसाला एकच प्रश्न पडला असता, की काल आपण काय दिलं? मला पडला तो असा, की आता काय द्यावं?

"अशक्तपणा आलाय," मी बायकोला सांगितलं.

"काल सकाळी दोरी सोडून कोंबड्यांमागं पळत हुतं त्ये," ती म्हणाली. "रातीत कसला आला अशक्तपणा?"

मी यवतला गेलो. तिथं जनावरांच्या औषधांचं मोठं दुकान होतं. दुकानदाराला पामेरियनसाठी औषध हवंय असं सांगायची मला लाज वाटली. गाईंचा डॉक्टर म्हणून आपली ओळख, आणि असल्या कापसाच्या बोळ्यासाठी आलोय म्हटल्यावर काय अब्रू राहणार? म्हणून मी नुसतं "जनावर अशक्त झालंय" म्हणालो.

"कितवं वेत?" त्यानं विचारलं.

"अजून व्यालंच नाही."

"दूध?"

"दूध नाही."

"भाकड हाय तर," असं म्हणून त्यानं भाकड गाईचं टॉनिक काढलं आणि सोबत कॅल्शियमची बाटली ठेवली. त्यानं जनावर बघायला मागितलं नाही, मी दाखवायचं म्हणालो नाही. दोघंही आपापल्या विद्येवर खूश होतो. असल्या दुकानांतून असंच चालतं. गिऱ्हाइकानं रोग सांगायचा, दुकानदारानं तो कबूल करायचा. ज्याला रोग झालाय तो घरी कोपऱ्यात पडलेला असतो.

टॉनिक आणि कॅल्शियम मी चमच्यानं बाळाच्या गालफडातून ओतलं. चार चमचे. संध्याकाळी त्याला जुलाब सुरू झाले आणि तोंडातून लाळेची तार लागली. जुलाब म्हणजे जंत, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, मग मला कसं नसेल? जंताची गाईची गोळी केवढी मोठी. ती मी सुरीनं कापली, वर पुन्हा एकदा शेळीचा हिशेब केला आणि तुकडा गुळात घालून चारला. त्यानंतर ते थरथरू लागलं. अंग गरम लागलं. मग माझ्यासाठी आणलेली तापाची गोळी होतीच घरात, ती अर्धी दिली. जुलाब थांबेनात म्हणून माणसांची जुलाबाची गोळीही दिली. सुईनं जे झालं त्यावर टॉनिक, टॉनिकनं जे झालं त्यावर जंताची गोळी, अशी माझी उतरंड रचली जात होती आणि तळाच्या मडक्याकडं बघायला मी तयार नव्हतो. एका गोचिडीखेरीज त्या जिवाला मुळात काही झालेलंच नव्हतं.

आत्या रोज संध्याकाळी भुसावळहून फोन करायची. फोन होता केंद्राशेजारच्या किराणा दुकानात. दूध घालायला आलेली माणसं तिथं उभीच असायची. ती मुलीचं, नातवाचं दोन वाक्यांत उरकायची आणि मग विचारायची, "बाळानं खाल्लं का?"

"खाल्लं की. मजेत हाय."

पहिले दोन दिवस हे खरं होतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "त्याला फोनपाशी आण जरा. आवाज ऐकू दे मला."

बाळ घरी पोत्यावर आडवं पडलेलं. त्याला मान उचलवत नव्हती. मी म्हणालो, "आणतो," आणि फोनवर हात ठेवून आणायला लागेल तेवढा वेळ मोजला. मग मी जे केलं ते आमच्या गावात आजही सांगितलं जातं. मी फोनमध्ये भुंकलो. दोनदा. किराणावाल्याच्या हातातला साखरेचा चमचा तसाच वर राहिला. कॅन घेऊन उभे असलेले एक आप्पा म्हणाले, "डॉक्टर, तुमालाच चावलं का काय?"

तिकडून आत्या म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा." आणि फोन ठेवला.

घरी आलो तर बायको कुत्र्यापाशी बसलेली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि बोट ओलं करून त्याच्या ओठांना लावत होती. मी फडताळाकडं वळलो. का वळलो कुणास ठाऊक, पण हात आपोआप तिकडंच जायचा. फडताळ रिकामं होतं.

"बाटल्या कुठं हायत?"

"पिशवीत घातल्यात," ती म्हणाली. "उद्या सकाळी शिरूरला जायचं. तिथं म्हाताऱ्या डॉक्टरांकडं. त्ये कुत्री बघत्यात म्हणं."

"मी असताना?"

"तुमी असताना म्हणूनच."

ती पुढं जे बोलली ते माझ्या मनात रुतून राहिलं. "आत्या परत आल्यावर ताटाशेजारी वाटी कुणाला ठिवणार हायत, ते सांगा. तुमाला?"

सकाळचं दूध घेऊन झाल्यावर आम्ही निघालो. माझ्या मोटारसायकलीला एरवी दुधाचे कॅन लटकायचे, त्या दिवशी मागं बायको बसली, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ आणि खांद्याला बाटल्यांची पिशवी. चौफुल्यावरून केडगाव, पारगाव, नदीचा पूल, न्हावरा असा तो रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. खड्डा आला की पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. आणि दर वेळी ते वाजलं की टॉवेलातला जीव शहारायचा. ते बायकोनं मला पाठीमागून सांगितलं, "हळू चालवा. बाटल्यांचा आवाज आला की कापतंय." त्याला दिसत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, पण माझी विद्या त्याच्या कानांत पक्की बसली होती.

शिरूरचे डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बाजारपेठेमागं एका खोलीत बसायचे. खोलीत एक टेबल, एक तराजू. बाहेर बाकावर पाच-सहा माणसं आणि तेवढीच छोटी छोटी कुत्री. कारखाने वाढले तशी शिरूर-सणसवाडीकडं नोकरदार मंडळी खोल्या आणि बंगले करून राहायला आली होती, आणि त्यांच्या मांडीवर ही असली कुत्री. एका बाईंच्या हातात कुत्र्याच्या पाच औषधांची यादी होती: भुकेचं, केसांचं, हाडांचं, शांत झोपेचं, आणि एक त्यांना कशाचं ते आठवत नव्हतं, पण ते थांबवलं तर काही होईल अशी भीती होती. मला त्या बाईंचं हसू आलं. तेव्हाही मला स्वतःचं हसू यायला अजून दहा मिनिटं होती.

डॉक्टरांनी बाळाला आधी तराजूत ठेवलं. सव्वातीन किलो. डोळ्यांत बॅटरी मारली, ओठ उचलून हिरड्या दाबून बघितल्या, पोट चाचपलं. मग विचारलं, "काय काय दिलंय?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "थोडं टॉनिक."

बायकोनं पिशवी उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर ठेवायला सुरुवात केली. गोचिडीची सुई. टॉनिक. कॅल्शियम. जंताच्या गोळीचं पाकीट. तापाच्या गोळ्या. जुलाबाच्या गोळ्या. डॉक्टर प्रत्येक वस्तू उचलून चष्मा वर करून वाचत गेले. "गाई, म्हशी, मेंढ्या. गाई, म्हशी. गाई. हे माणसांचं. हेही माणसांचं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कुत्र्यांचं काहीच नाही ह्यात. तुम्ही कोण?"

"फॅट काढतो. केंद्रावर."

"सुई किती दिली?"

मी गाय, शेळी, निम्मी शेळी असं सगळं समजावून सांगितलं. सांगताना ते इतकं मूर्खपणाचं वाटलं नव्हतं तोपर्यंत. मोठ्यानं बोलल्यावर वाटलं.

"तुमची गाय किती किलोची?"

"चारशे धरा."

"चारशे किलोच्या गाईत सव्वातीन किलोची किती कुत्री बसतील?"

मी आकडेमोड करू लागलो.

"एकशे तेवीस," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आठ बसवलीत. त्यातही सुदैव समजा. ह्याच्या जातीऐवजी हे औषध न सोसणारी दुसरी एखादी असती तर इथपर्यंत आला नसतात. आणि तापाची गोळी कुणाला विचारून दिली? लिव्हर खाते ती कुत्र्यांचं."



त्यांनी पुढच्या पायावरचे केस वस्तऱ्यानं तासले आणि सलाईन लावलं. "हे औषध नाही," ते म्हणाले, "तुमची औषधं धुऊन काढायला लावलंय." दोन तास आम्ही तिथंच बसलो. मग त्यांनी बाळाचं डोकं एका कुशीला वळवलं, कानामागचे केस बाजूला केले आणि दोन बोटांच्या नखांत धरून काहीतरी अलगद उपटलं. गोचीड. टरारलेली. स्पिरिटच्या वाटीत टाकली तेव्हा ती पाय हलवत होती. ती माझीच होती की नंतर आलेली, ते मी विचारलं नाही.

"आता काय देऊ?" मी निघताना विचारलं. "म्हणजे शक्तीचं काहीतरी?"

डॉक्टरांनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला आणि बायकोकडं वळून बोलू लागले, जणू मी खोलीत नव्हतोच. "तांदळाची पेज. थोडी थोडी. पाणी. अंधारात, थंड जागी ठेवा. पुढचे दोन दिवस रोज सलाईनला आणा. आणि ह्यांना कपाटापासून लांब ठेवा."

फडताळाची किल्ली तिनं पदराच्या टोकाला बांधली. वास्तविक फडताळ रिकामंच होतं, पण तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि बरोबरच होतं. शिरूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी बाळानं अर्धी पेज तशीच ठेवली तेव्हा मी शेजाऱ्याकडं पोटाचं औषध मागायला दारापर्यंत गेलो होतो. तिनं नुसती किल्ली वाजवली. मी परत येऊन बसलो. त्या आठवड्यात मी दुसरं काहीच केलं नाही. बसलो. आत्यानं सांगितलं होतं तेच, फक्त त्या आधी एका जिवाची पार दैना करून.

हळूहळू बाळ उभं राहिलं. नवव्या दिवशी चौकटीला न आपटता बाहेर गेलं. बाराव्या दिवशी कोंबडीकडं बघून कान टवकारले, पळालं मात्र नाही. अंग निम्मं झालं होतं आणि पुढच्या पायावर तासलेल्या जागेचा गुलाबी पट्टा लांबून दिसत होता. तो झाकायला मी एक काळा दोरा बांधला. कुणी विचारलं तर दृष्ट लागू नये म्हणून, असं उत्तरही तयार ठेवलं.

पंधराव्या दिवशी आम्ही दोघं बाळाला घेऊन दौंडला गेलो. आत्या दारातच उभी. बाळानं तिचा वास घेतला आणि तिच्या पायांत असं घुसलं की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. तिनं त्याला उचललं, वजन जोखलं, दोरा बघितला, दोऱ्याखाली बोट घालून सरकवला आणि पट्टा बघितला. मग नजर न उचलता म्हणाली, "फोनवर भुंकलास तवाच मला कळलं, कायतरी झालंय. दुसऱ्याच दिवशीची गाडी धरणार हुते. पोरीला ताप हुता म्हणून अडकले. तिकडं मी चार दिस जेवले न्हाई."

एवढं ऐकूनही मी बोललो. ही माझी जन्माची खोड. पिशवीतून वाटेसाठी घेतलेली चहाची बाटली काढत मी गोचिडीचा विषय काढला. बाटली उंबऱ्यावर टेकवताना वाजली तसं बाळ आत्याच्या काखेत शिरलं. मी सांगत राहिलो, की गोचीड फार वाईट जात, आत्या. रक्त पिते, रोग देते, लहान जनावराला तर बसल्या जागी मारते. म्हणून आपलं थोडं औषधपाणी करावं लागलं.

बायको म्हणाली, "सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. सहाही औषधं. शेळीचा हिशेबही. आत्या ऐकत होती, एक हात बाळाच्या पाठीवर. माझं संपल्यावर ती आत गेली, ताट वाढून घेतलं, शेजारी वाटी ठेवली, एक घास तोंडात घातला आणि बाळानं वाटीला तोंड लावलेलं बघून मग माझ्याकडं वळली.

"गोचीड बरी की रं," ती म्हणाली. "पोट भरलं की सुटून पडती. तू पडलास का?"